‘माझ्याकडे तर चालतंय’ : यंत्र बदलले की फसणाऱ्या चाचण्यांचा आढावा

सोळा जानेवारी, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे. उसाची ट्रॉली वजनकाट्यावर चढते, वजन नोंदले जाते, पावती निघते. गाळप हंगामात कारखाना चोवीस तास चालतो. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या कानांना रात्रीच्या ट्रॅक्टरांचा आवाज सवयीचा आहे. आता समजा, अशा पावत्यांचा हिशेब ठेवणारे एक सॉफ्टवेअर कोणी लिहिले आणि त्याला एक चाचणी जोडली : ही पावती जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्याच्या बिलात आली पाहिजे. प्रोग्रॅमरच्या लॅपटॉपवर चाचणी पास होते. तोच कोड सर्व्हरवर चढतो आणि तीच चाचणी नापास होते. पावती पहिल्या पंधरवड्यात जाऊन बसलेली असते. मधल्या काळात कोडचा एक कानाही बदललेला नाही.

कारण साधे आहे. लॅपटॉप भारतीय वेळेवर चालतो, सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. आपल्याकडे सोळा तारखेचे दोन वाजून दहा मिनिटे झालेले असतात, तेव्हा सर्व्हरच्या लेखी अजून पंधरा तारखेचे रात्रीचे आठ वाजून चाळीस मिनिटेच झालेली असतात. तारीख बदलली, पंधरवडा बदलला, बिल बदलले.

उदाहरण कल्पित असले तरी दोष रोजचा आहे. सॉफ्टवेअरच्या कामात ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे वाक्य ज्याने उच्चारले नाही किंवा ऐकले नाही, असा माणूस मला भेटलेला नाही. एकच कोड दोन यंत्रांवर दोन निकाल का देतो, त्याचा माग कसा काढायचा आणि मुळात तो कसा टाळायचा, यावर गेली तीन-चार दशके विचार चालू आहे. हा विचार आज कुठवर आला आहे, त्याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

हा प्रश्न मराठी वाचकाने प्रोग्रॅमिंग न शिकताही अनुभवलेला आहे. युनिकोड रुळण्याआधी बारामतीच्या डीटीपी सेंटरमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका पुण्याच्या छापखान्यात उघडली की अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांचा सडा पडायचा. फाइल तीच असायची, पण त्या संगणकावर तो फॉन्ट नसायचा. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही प्रमाणित संकेतप्रणाली १९९१ मध्ये आली. तरीही बाजारात जो तो फॉन्ट आपापले संकेत वापरत राहिला. अर्थ फाइलमध्ये कमी आणि भोवतालच्या यंत्रणेत जास्त, अशी ती स्थिती होती. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे दुखणे नेमके हेच आहे.

प्रोग्रॅमर लिहितो तो मूळ कोड. त्यापासून चालवता येईल असे सॉफ्टवेअर तयार करण्याच्या क्रियेला बिल्ड म्हणतात. बिल्ड होताना कोडबरोबर कंपायलर, लायब्ऱ्या, त्यांच्या आवृत्त्या, यंत्राची वेळ, भाषा, फोल्डरची रचना आणि प्रोसेसर हे सगळे गुपचूप सहभागी होतात. या सगळ्यांना मिळून बिल्डचे वातावरण म्हणायचे.

सुरुवातीच्या काळात वातावरणे वेगळी असणारच, हे गृहीत होते. युनिक्सच्या अनेक जाती होत्या आणि प्रत्येक यंत्र निराळे होते. १९९१ मध्ये आलेल्या ऑटोकॉन्फ या साधनाची रीत त्या काळाला साजेशी होती : आधी यंत्रालाच विचारायचे की तुझ्याकडे काय आहे आणि काय नाही, मग त्याप्रमाणे कोड जुळवून घ्यायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमधून सतत एकत्रीकरणाची पद्धत पुढे आली. प्रत्येकाचा कोड रोज एका ठिकाणी यावा, तिथे त्याची बिल्ड व्हावी आणि चाचण्या चालाव्यात. मार्टिन फाउलर यांनी २००० मध्ये त्यावर लेख लिहिला आणि पद्धत सर्वदूर गेली. तिच्यामुळे लॅपटॉप आणि सामाईक सर्व्हर यांचे निकाल रोज शेजारी-शेजारी दिसू लागले. आधी दडून राहणारा भेद आता रोज सकाळी समोर उभा राहू लागला.

पुढच्या टप्प्यात वातावरणच गुंडाळून सोबत नेण्याची साधने आली. २०१० च्या व्हेग्रंटने अख्खे आभासी यंत्र प्रत्येकाच्या संगणकावर उभे केले. मार्च २०१३ मध्ये जाहीर झालेल्या डॉकरने तेच काम हलक्या कंटेनरने केले. नेदरलँड्समध्ये एल्को डोल्स्ट्रा यांनी त्याआधीच निक्स ही वेगळी वाट काढली होती. प्रत्येक घटक त्याच्या सर्व अवलंबनांसह नेमका नोंदवायचा, हे तिचे सूत्र. त्यांचा प्रबंध २००६ चा. २०१३ मध्येच डेबियन या मुक्त प्रणालीच्या स्वयंसेवकांनी पुनरुत्पादनक्षम बिल्डची मोहीम सुरू केली. एकच कोड कोणीही, कुठेही बिल्ड केला तरी बिटन्‌बिट तेच सॉफ्टवेअर निघाले पाहिजे, हे तिचे ध्येय.

तफावत येते कुठून

फरकांची यादी लांब असली तरी त्यांची घराणी मोजकी आहेत.

पहिले घराणे वेळेचे. ट्रॉलीची पावती त्यातलीच. तिथे एक पोटभेद असा आहे की दुरुस्ती केली तरी ती लागू पडत नाही आणि कोणी तक्रारही करत नाही. भारताच्या वेळेचे नाव जुन्या नोंदींत ‘एशिया/कलकत्ता’ होते, नंतर ते ‘एशिया/कोलकाता’ झाले. जावा भाषेच्या जुन्या पद्धतीला ओळखीचे नसलेले वेळेचे नाव दिले की ती चूक दाखवत नाही, मुकाट्याने ग्रीनिच वेळ धरते. आटोपशीर कंटेनरमध्ये वेळेच्या नोंदींचे पॅकेजच पुष्कळदा नसते. तिथे ‘एशिया/कोलकाता’ लिहूनही यंत्र यूटीसीवरच राहते. सेटिंग पाहणाऱ्याला सगळे बरोबर दिसते, म्हणून हा दोष सापडायला दिवस जातात.

दुसरे घराणे भाषेचे, आणि इथे मराठीचा अनुभव फार बोलका आहे. गावांच्या यादीत ‘कसबा’ आधी की ‘कळस’? आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून ‘कसबा’ आधी. युनिकोडच्या क्रमांकांत मात्र ळ ला ल च्या लगेच पुढची जागा आहे, म्हणून निव्वळ क्रमांकांनी लावले तर ‘कळस’ आधी. भाषावार नियमांचा जो सामाईक साठा सीएलडीआर या नावाने ओळखला जातो, त्यात मराठीसाठी ळ, क्ष, ज्ञ शेवटी लावण्याचा नियम आहे. ज्या यंत्रावर तो साठा वापरला जातो तिथे एक क्रम, नाही तिथे दुसरा. माळेगाव आणि मासाळवाडी, पळसदेव आणि पवारवाडी, सगळ्यांची हीच गत. हा फरक फक्त दिसण्यापुरता नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने क्रम लावण्याचे नियम बदलले. जुन्या क्रमाने बांधलेल्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या सूची नव्या प्रणालीवर चुकीची उत्तरे देऊ लागल्या. नोंद असायची, पण शोधल्यावर सापडायची नाही.

आकड्यांचेही तेच. जावास्क्रिप्टला एखादी रक्कम मराठी पद्धतीने लिहायला सांगितली तर ‘१,२३,४५६’ असे देवनागरी आकडे आणि लाखाचा स्वल्पविराम मिळायला हवा. नोड या माध्यमाच्या, २०१९ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीपूर्वीच्या अधिकृत बिल्डमध्ये जागा वाचवण्यासाठी फक्त इंग्रजीची माहिती भरलेली असे. तिथे मराठी मागितली तरी इंग्रजी आकडे आणि हजाराचा स्वल्पविराम मिळायचा. पूर्ण माहितीसह बांधलेल्या नोडवर पास होणारी चाचणी दुसऱ्या नोडवर पडायची. फरक कोडमध्ये नव्हता, नोड बांधताना त्यात काय भरले यात होता.

तिसरे घराणे फाइलींचे. विंडोजवर आणि मॅकवर सहसा मोठ्या-लहान इंग्रजी अक्षरांत भेद केला जात नाही, लिनक्सवर होतो. ओळीचा शेवट विंडोज दोन चिन्हांनी करते, लिनक्स एका. फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने मिळतील याची हमी नसते, तरी चाचण्या त्या क्रमावर विसंबतात.

चौथे घराणे आकडेमोडीचे. जुन्या ३२ बिट इंटेल यंत्रांवर मधली आकडेमोड ८० बिटांत होत असे, ६४ बिट यंत्रांवर ती सहसा ६४ बिटांतच होते. त्यामुळे शेवटचे दशांश जुळत नाहीत. लायब्ररीची आवृत्ती बदलली तरी हेच होते. ०.८०५५ ही संख्या तीन दशांशांपर्यंत छापायला सांगितली तर जावा ७ मधून ०.८०६ मिळे, जावा ८ मधून ०.८०५ मिळते. द्विमान पद्धतीत ती संख्या अचूक मावत नाही, किंचित कमी साठवली जाते. म्हणून नवे उत्तर काटेकोर आहे आणि जुने चुकीचे होते. पण जुन्या उत्तरावर बेतलेली चाचणी पडतेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये अशी ठरली. उतारा कुठे आणि कसा पूर्णांकित केला यावर टनामागचे रुपये हलू शकतात. तिसऱ्या दशांशाला किरकोळ म्हणून सोडून देणे म्हणूनच परवडत नाही.

पाचवे घराणे प्रोसेसरचे. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम१ चिपचे संगणक आणले. तेव्हापासून प्रोग्रॅमरच्या हातात एआरएम जातीचे यंत्र आणि सर्व्हर मात्र इंटेल जातीचा, ही जोडी सर्रास झाली. सी भाषेतला साधा ‘कॅर’ हा प्रकार इंटेल लिनक्सवर ऋण संख्या धरतो, एआरएम लिनक्सवर धरत नाही. एवढ्या एका फरकावर चाचण्या पडतात.

माग काढण्याची रीत

कारणे अनेक असली तरी माग काढण्याच्या रीतीवर बऱ्यापैकी एकमत आहे. ती मी एका अनुभवातून सांगतो.

पूर्वी मी एका कंपनीत काम करत असताना नद्या आणि गावे यांच्या नावांवर शोध घेणाऱ्या प्रणालीची एक चाचणी माझ्या यंत्रावर पास व्हायची आणि सहकाऱ्याच्या यंत्रावर पडायची. शोधायचा शब्द होता ‘कऱ्हा’, बारामतीतून वाहणारी आमची नदी. दोन्ही पडद्यांवर शब्द अगदी सारखा दिसत होता. दोन दिवस आम्ही कोड वाचत बसलो. तीच आमची चूक होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोड बाजूला ठेवला आणि दोन यंत्रांमधले फरक कागदावर मांडले : ऑपरेटिंग सिस्टिम, भाषेचे सेटिंग, लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या, माहितीची फाइल. मग एका वेळी एकच गोष्ट बदलत गेलो. माझी माहितीची फाइल त्याच्याकडे नेली तेव्हा चाचणी पास झाली. म्हणजे दोष फाइलीत. दोन्ही फाइली अक्षरांऐवजी बाइटांत उघडल्या आणि उत्तर समोर आले. अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त वापरून, साधा र, त्याखाली नुक्ता आणि हलन्त वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या दृष्टीने समान आहेत आणि प्रमाणीकरणाच्या ठरलेल्या क्रियेने एक होतात. तिसरा त्या क्रियेनेही एक होत नाही. सहकाऱ्याच्या कीबोर्डने तिसरा प्रकार टाइप केला होता, माझ्याने पहिला.

या अनुभवातली शिस्त जुनी आहे. आधी बिघाड हुकमी घडवून आणायचा. मग दोन वातावरणांतले फरक लिहून काढायचे. मग ते एकेक करून, किंवा पुष्कळ असतील तर अर्धे-अर्धे गट करून बदलत जायचे, एक फरक उरेपर्यंत. जर्मन संशोधक आंद्रेआस झेलर यांनी १९९९ मध्ये याच विचाराला डेल्टा डिबगिंग हे पद्धतशीर रूप दिले. काल चाललेला प्रोग्रॅम आज का चालत नाही, या प्रश्नाचे उत्तर फरकांची यादी यंत्राकरवीच छाटत नेऊन मिळवायचे. आज हाताशी साधने पुष्कळ आहेत. वेळेचा किंवा भाषेचा संशय असेल तर चाचणीपुरते ते सेटिंग बदलून पाहता येते. ट्रॉलीच्या पावतीची चाचणी लॅपटॉप यूटीसीवर ठेवून चालवली की तिथेही ती पडते आणि दोन मिनिटांत निदान होते. प्रोग्रॅम कोणत्या फाइली उघडतो हे एसट्रेस हे साधन दाखवते. दोन बिल्डमध्ये नेमके काय वेगळे आहे हे थरावर थर उलगडून दाखवणारे डिफोस्कोप डेबियनच्या मोहिमेतून आले.

दोष शोधण्याबद्दल वाद फारसा नाही. तो मूळ धरणार नाही अशी व्यवस्था कशी लावायची, यावर मात्र मते फुटतात.

चार भूमिका

पहिली भूमिका : वातावरण गोठवा. लॅपटॉप आणि सर्व्हर दोन्हीकडे एकच कंटेनर, एकाच आवृत्तीच्या लायब्ऱ्या, एकच वेळ, एकच भाषा. हेरोकू या कंपनीत २०११ च्या सुमारास मांडल्या गेलेल्या बारा सूत्रांपैकी एक सूत्र विकास आणि प्रत्यक्ष वापर यांतले अंतर कमीत कमी ठेवण्याचेच आहे. निक्स आणि त्याच धर्तीचे गिक्स हीच भूमिका शेवटपर्यंत नेतात. गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले बेझल हे साधन बिल्डला बंद खोलीत ठेवते : जे नोंदवलेले नाही ते तिला दिसतच नाही. या भूमिकेचे बळ उघड आहे. नवा माणूस पहिल्याच दिवशी कामाला लागतो आणि बिघाड झाला तर तो सगळ्यांकडे सारखा होतो. तिच्यावरचा आक्षेप असा की गोठवलेल्या वातावरणात चूक दडून राहते. सगळे सर्व्हर भारतीय वेळेवर लावले तर पावतीची चाचणी पास होईल, पण कोड ज्या गृहीतावर उभा आहे ते लिहिले जाणार नाही. पुढे कोणी सर्व्हर बदलला की तेच दुखणे वर येईल, आणि तेव्हा ते चाचणीत न दिसता थेट बिलात दिसेल.

दुसरी भूमिका याच्या उलट : वातावरण मुद्दाम बदलत राहा. डेबियनची मोहीम प्रत्येक पॅकेज दोनदा बिल्ड करते आणि दुसऱ्या वेळी वेळेचा पट्टा, भाषा, यंत्राचे नाव अशा गोष्टी बदलते. घड्याळसुद्धा वर्षभराहून पुढे नेते. दोन्ही निकाल जुळले तरच पॅकेज उत्तीर्ण. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला हा विचार परका वाटणार नाही. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करते आहे, आणि उसाचे कोणतेही नवे वाण एकाच रानात चांगले आले म्हणून शिफारशीला जात नाही. वेगवेगळ्या जमिनींत, वेगवेगळ्या हंगामांत ते तपासावे लागते. निचऱ्याच्या जमिनीत उतरलेले वाण चोपणात टिकेलच असे नाही. दुसऱ्या भूमिकेचे लोक कोडलाही हीच कसोटी लावतात. यावरचा आक्षेप खर्चाचा आहे. प्रत्येक चाचणी अनेक वातावरणांत चालवायला यंत्रे आणि वेळ लागतो, आणि जी वातावरणे प्रत्यक्षात कधीच येणार नाहीत त्यांच्यासाठीही माणसे झिजतात.

तिसरी भूमिका व्यवहाराची : सामाईक सर्व्हरचा निकाल अंतिम. तिथे पास ते पास. कोणाच्या लॅपटॉपवर काय होते यात वेळ घालवू नका. मोठ्या संघांत निर्णय लवकर होण्यासाठी याचा उपयोग होतो. अडचण ही की सर्व्हरवरची चूक लॅपटॉपवर घडवून आणता आली नाही, तर माग काढणारा अंधारात चाचपडतो. एकेक बदल करायचा, सर्व्हरवर पाठवायचा आणि निकालाची वाट पाहायची. गावाकडून काम करणाऱ्याची लाइन अधूनमधून जाते. त्याला ही वाट आणखी लांब पडते.

चौथी भूमिका म्हणते की काही अस्थिरता पत्करावीच लागेल. २०१६ मध्ये गूगलमधून प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार तिथल्या सुमारे १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक अस्थिरता होती, आणि पास होणारी चाचणी नापास झाल्याच्या घटनांपैकी ८४ टक्क्यांत अशाच अस्थिर चाचण्यांचा हात होता. अशा वेळी पडलेली चाचणी पुन्हा चालवणे, सतत डळमळणारी बाजूला काढून ठेवणे हे उपाय केले जातात. यातला धोका २०१४ च्या एका अभ्यासावरून लक्षात येतो. अपाचे संस्थेच्या ५१ प्रकल्पांतल्या २०१ दुरुस्त्या तपासल्यावर ४५ टक्के अस्थिरतेचे कारण दुसऱ्या कामाची नीट वाट न पाहणे हे निघाले, २० टक्के समांतर कामांची टक्कर आणि १२ टक्के चाचण्यांच्या क्रमावरचे अवलंबन. यातली काही कारणे धिम्या यंत्रावरच दिसतात. चाचणी पुन्हा चालवून पास करून घेतली की यंत्रांतला भेद नशिबाच्या खात्यावर टाकला जातो आणि खरे कारण तसेच राहते.

या चार भूमिका एकमेकींच्या विरोधात मांडल्या जात असल्या तरी त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिली विचारते, दोष पटकन कसा सापडेल. दुसरी विचारते, कोड कशाकशावर विसंबून आहे. तिसरी विचारते, आज निर्णय कोणी द्यायचा. चौथी विचारते, किती गोंगाट परवडतो. मोठ्या प्रकल्पांत चारही थोड्याफार प्रमाणात एकत्र नांदताना दिसतात.

विश्वासाचा धागा

या वादाला २०२० नंतर सुरक्षिततेची बाजू जोडली गेली आहे. तिचे मूळ जुने आहे. केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवले होते की कंपायलरमध्येच खोट असेल, तर मूळ कोड निर्मळ असूनही त्यातून दूषित सॉफ्टवेअर निघू शकते. २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलारविंड्स या कंपनीच्या प्रकरणात हल्लेखोर बिल्डच्या यंत्रणेतच शिरले होते. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. त्याची किल्ली उघड्या कोडभांडारात नव्हती, फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होती, आणि ती ठरावीक वातावरणातल्या बिल्डमध्येच काम करत होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद झाल्याचे जाणवले आणि त्या धाग्यावरून सगळे उलगडले. ‘दोन यंत्रांवर दोन निकाल’ या तक्रारीकडे पाहण्याची दृष्टी यातून गंभीर झाली. स्वतंत्र यंत्रांवर केलेल्या बिल्ड जुळत नसतील तर कारण कळेपर्यंत त्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

जे सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न ‘सारखे’ म्हणजे काय, हा. बिटन्‌बिट सारखे की वागण्याने सारखे? डेबियनची ९० टक्क्यांहून अधिक पॅकेजे पहिल्या कसोटीला उतरतात, पण उरलेल्यांवर किती श्रम घालावेत यावर एकमत नाही. कंटेनर वापरला म्हणजे सारखेपण आले, हाही समज अपुरा आहे. कंटेनर बनवताना ‘नवीनतम आवृत्ती घे’ अशी एक ओळ असली की आजचा आणि महिन्यानंतरचा कंटेनर वेगळा होतो. शिवाय कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि प्रोसेसर खालच्या यंत्राचेच राहतात.

दुसरा प्रश्न गोठवण्याच्या मुदतीचा. आवृत्त्या बांधून ठेवल्या की चाचण्या स्थिर राहतात, पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही बाहेर राहतात. भाषेचे आणि वेळेचे नियम तर जगाबरोबर बदलतच असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सीएलडीआरच्या नव्या आवृत्तीने इंग्रजी वेळेतल्या ‘एएम-पीएम’आधीची साधी जागा एका अरुंद, न तुटणाऱ्या जागेने बदलली आणि जगभर असंख्य चाचण्या पडल्या. डोळ्याला काहीच दिसत नव्हते.

तिसरा प्रश्न ऐपतीचा. मोठी कंपनी हजारो यंत्रांवर चाचण्या चालवते. तालुक्याच्या गावातल्या दोन-तीन जणांच्या संघाने, पतसंस्थेचे किंवा दूधसंस्थेचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याने किमान काय करावे, याचे नेमके उत्तर या सगळ्या चर्चेत मिळत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कोड लिहायला शिकवले जाते, वातावरण लिहून ठेवायला क्वचित. माझ्या मते या विषयातली ही सर्वात मोठी उणीव आहे, आणि ती भरून काढायला पैसा फारसा लागत नाही. कोणती आवृत्ती, कोणती वेळ, कोणती भाषा, कोणती यंत्रणा, हे एका फाइलीत लिहून कोडसोबत ठेवणे कोणालाही जमते. चारही भूमिकांचे लोक जिथे एकत्र येतात ती जागा हीच.

चौथा प्रश्न मला सर्वात अवघड वाटतो : दोन यंत्रांचे दोन निकाल आले तर बरोबर कोणता? महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि सुधारून २०२२ मध्ये प्रमाणित देवनागरी वर्णमालेचे निर्णय काढले. तरीही क्ष ला स्वतंत्र वर्ण धरून यादीच्या शेवटी लावायचे की क चे जोडाक्षर म्हणून क मध्ये, हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला प्रत्येक कामात ठरवावे लागते. यंत्र फक्त फरक दाखवते. निवाडा भाषा वापरणाऱ्यांनीच द्यायचा असतो, आणि मराठीपुरते बोलायचे तर तो आपल्याखेरीज दुसरे कोणी देणार नाही.

पुन्हा काट्यावर

‘बरोबर कोणता’ या कसोटीवर ट्रॉलीची पावती पुन्हा पाहू. वातावरण गोठवणारा सर्व्हरची वेळ बदलेल. वातावरण बदलत राहणारा कोडमध्येच भारतीय वेळ स्पष्ट लिहील. दोघांच्याही चाचण्या पास होतील आणि पावती सोळा तारखेला, दुसऱ्या पंधरवड्यात जाईल. पण गाळपाचा दिवस मध्यरात्री बदलतो की सकाळची पहिली पाळी लागल्यावर? तो पाळीबरोबर बदलत असेल, तर रात्री दोनची ट्रॉली कारखान्याच्या लेखी पंधरा तारखेचीच. मग सर्व्हरने चुकीच्या कारणाने दिलेले उत्तर बरोबर होते आणि लॅपटॉपवर पास झालेली चाचणीच चुकीची होती.

याचे उत्तर कोणत्याही कंटेनरमध्ये नाही. ते काट्यावर बसणाऱ्या लिपिकाला विचारावे लागते, मग चाचणीत लिहावे लागते, आणि तसे का लिहिले हे शेजारी नोंदवावे लागते. पडलेल्या चाचणीने आपल्याला तिथपर्यंत पाठवले, तर तिचे काम झाले.